बाबांचं ‘छान’

“वहिनी, बाबांच्या ‘छान’वर जाऊ नकोस हं,” नणंद फोनवर म्हणाली होती. “करपलेलं दे, छान. आळणी दे, छान. त्यांना नेमकं काय आवडतं ते शोधण्यात आईचं अर्धं आयुष्य गेलं.”

तेव्हा ती हसली होती. लांब राहून सल्ले द्यायला काय जातंय, असंही मनात आलं होतं.

आता ती सासऱ्यांच्या पायांशी उकिडवी बसली होती. उभं आयुष्य बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवण्यात गेलेला माणूस. आज त्याच्या पायातला मोजा तिला ओढून काढावा लागला. पोटरीवर रबराचा खोल वळ उमटला होता. तिने नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. ती बघत राहिली. खळगा भरून येईना.

“दुखतंय का, बाबा?”

“छे गं. छान आहे.”

ती उठली. ओट्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. लेक पायात घुटमळत होती, तिला उचललं, खाली ठेवलं. काय चुकतंय? सासऱ्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. मिठाची बरणी माळ्यावर गेली. मग तिने कच्च्या आहाराचा वर्ग लावला, तोही फोनवर, लेकीला मांडीवर थोपटत. शेगडी आता फक्त लेकीपुरती पेटायची. बाकी सगळं भिजवलेलं, मोड आणलेलं, नाहीतर वाळवलेलं. नवरा ताटात डोकावून विचारायचा, “आज काय, ओलं की सुकं?” आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवून यायचा. सासरे मात्र ताट चाटूनपुसून लख्ख करायचे.

जवस हृदयाला चांगले म्हणून त्यांच्यासाठी ती जवसाच्या चकत्या करायची. जवस भिजले की त्यांना बुळबुळीत चिकटा सुटायचा. त्यात किसलेलं गाजर घालून ते पातळ थापायचं आणि वाळवायच्या विजेच्या पेटीत, कोमट वाऱ्यावर रात्रभर सोडून द्यायचं. पहिल्या खेपेच्या चकत्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागल्या. वर्गातल्या बाई म्हणाल्या, सोया सॉस घाला, चव येते. मग तिने दुकानं पालथी घातली. रंग घातलाय का, साखर आहे का, उकळवलंय का, सगळं विचारलं. लाकडी पिंपात मुरवलेली, आच न लागलेली बाटली मिळाली, तेव्हा तिला गड जिंकल्यासारखं झालं. चकत्यांना खरंच चव आली. तिने स्वतः एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि कितीतरी दिवसांनी जिभेला बरं वाटलं. मग सॉस काकडीवर पडायला लागला. मोडांवरही.

सासऱ्यांची तहान वाढली. उशाशी ठेवलेला जग दुपारीच रिकामा व्हायचा. तिला उलट समाधान वाटायचं. जवस खाणाऱ्याने पाणी भरपूर प्यावं, वर्गात सांगितलंच होतं.

एवढं करूनही पायांवर सूज, म्हणजे जवसच कमी पडत असणार. तिने ठरवलं, उद्यापासून चकत्या वाढवायच्या. घाईघाईने पेटीतला ट्रे ओढला. कोपऱ्यात सॉस ओघळून वाळला होता. तपकिरी डाग, आणि डागात काहीतरी चमकत होतं. बारीक, पांढरे कण. तिने एक कण नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

मीठ. निव्वळ मीठ.

त्या बाटलीची तिने जन्मकुंडली काढली होती. आच लागली का, हे तर दहादा विचारलं होतं. मिठाचं तेवढं विचारलं नव्हतं. बरणी माळ्यावर चढवून ती निश्चिंत झाली होती, आणि मीठ रोज तिच्याच हाताने ताटात पडत होतं.

ट्रे हातात धरूनच ती बाहेर आली.

“बाबा, या चकत्या खारट लागत होत्या?”

सासऱ्यांनी नजर चुकवली. “लागत होत्या थोड्या.”

“थोड्या?”

“बऱ्याच.”

“मग बोलला का नाहीत? डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं ना, मीठ बंद म्हणून!”

“अगं, पोरीला कडेवर घेऊन थापत असतेस. तुझा नवरा तोंड वाकडं करून निघून जातो. मीही नावं ठेवली असती, तर तुला हुरूप कुठून आला असता?” त्यांना धाप लागली. थांबून म्हणाले, “आणि चवीला छानच होत्या.”

तिने डॉक्टरांना फोन लावला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिकडून आलं, “आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

लेकीला काखोटीला मारून, बाटली पिशवीत टाकून ती दाराशी पोचली. सासरे भिंतीला धरून चपलेशी झटत होते. पट्टा बोटांवर ताणला गेला होता. टाच मागे बाहेर लोंबत होती.

“बसत नाहीये का, बाबा?”

“बसते की, छान बसते,” गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते म्हणाले. “चालून चालून सैल होईल.”

तुमच्या घरी कुणी रोजचं ताट न कुरकुरता लख्ख करत असेल, तर जेवण कसं झालंय हे विचारत बसू नका. उठा, आणि आधी त्यांचे पाय बघून या.