माशीचा थेंब

फळमाशीच्या संप्रेरकापासून केलेला तो थेंब लग्नात नवरीला पाजत. चाखताना ज्याचा वास नाकात जाई, त्याच्यावाचून तिला जन्मभर दुसरं कुणी चालत नसे.

दुसऱ्या लग्नासाठी तो न्यायला हेमकांत प्रयोगशाळेत आला. माश्यांच्या बाटल्यांमागे पहिल्या बायकोची थोरली बहीण होती, वृंदा.

"टाकून सहा वर्षं झाली, तरी नलिनी माझं ताट वाढते म्हणे!" तो हसला. "तसाच कडक द्या."

वृंदाने स्वतः नव्याने बनवलेल्या थेंबाची कुपी उघडली. "आधी तुम्ही चाखायचा. नियम आहे."

"पुरुषांवर कुठे चालतो!" म्हणत त्याने चाखला.

तिने ओठ पुसायला नलिनीचा रुमाल पुढे केला.

त्याचा चेहरा पालटला. "नलिनी... घरी आहे?"

"आहे ना. एकमेव उतारा सकाळीच तिला पाजलाय. आता ताट तुम्ही वाढायचं."