कोऱ्या तारखेचा राजीनामा

धनश्री मॅडमनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि त्या उभ्याच राहिल्या. सुंदररावांनी तो वाचला. आजपासून एक महिन्याची नोटीस, मग बीडला मुलींच्या वसतिगृहात नवी नोकरी.

आष्टीच्या या खासगी शाळेचे सुंदरराव सचिव, म्हणजे सर्वेसर्वा. इथून माणसं काढली जात. आपणहून कुणी जात नसे. शिवाय कुणी काही मागितलं की त्याच्या नेमकं उलट करायची त्यांना भारी हौस. बंकट सर सहल नको म्हणाले, तर सहल त्यांच्याच गळ्यात पडली. शाळेतल्या पोरासोरांनाही हा स्वभाव पाठ होता.

"महिना कावून पायजे तुमाला?"

"नेमणूकपत्रात तसंच हाय, सर. मी एकेक दिवस भरूनच जाणार. मधूनच काढू नका, एवढीच विनंती."

आवाज मऊ होता, पण नेमणूकपत्राचं नाव निघताच सुंदररावांचं डोकं फिरलं. आपल्याच शाळेत ही बाई आपल्याला नियम शिकवते.

ते उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. रुजू होतानाच प्रत्येकाकडून राजीनामा लिहून घ्यायचा, सही घ्यायची, तारीख तेवढी कोरी ठेवायची, ही त्यांची जुनी रीत. धनश्रीचा नऊ वर्षांपूर्वीचा कागद सापडला. एक महिन्याची नोटीस त्यातही होती. सुंदररावांनी त्यावर सावकाश बरोबर महिन्यापूर्वीची तारीख टाकली.

"हे बघा. तुमचा महिना आजच भरला."

धनश्रीनं मान खाली घातली. "मग आता महिनाभर घरी बसू का, सर?"

"ते तुमचं तुमी बघा."

सुंदररावांना मनापासून बरं वाटलं. कार्यमुक्तीचं पत्र आत्ताच्या आत्ता करून आण, असं त्यांनी कय्युम क्लार्कला फर्मावलं. साध्या दाखल्याला दोन दिवस लावणारा कय्युम पाच मिनिटांत दोन प्रती घेऊन आला. सुंदररावांना कागद वाचून सही करायची सवय नव्हती. त्यांनी दोन्हींवर झोकात सही ठोकली. मॅडमनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या पर्समधून काढून ठेवल्या, आपली प्रत घेतली, नमस्कार केला आणि त्या गेल्या.

शनिवार होता, शाळा लवकर सुटली. घरी निघण्याआधी विजयाची जरा आणखी चव घ्यावी म्हणून सुंदररावांनी चष्मा चढवला आणि शाळेची प्रत पुढं ओढली.

'श्रीमती धनश्री यांच्या नोटिशीचा एक महिना आज पूर्ण झाला असून, येत्या सोमवारी बीड येथे रुजू होण्याची त्यांची अखेरची मुदत असल्याने, त्यांच्याच विनंतीवरून त्यांना तातडीने कार्यमुक्त करण्यात येत आहे. संस्थेच्या हार्दिक शुभेच्छा.'