डोंगरावरची मगर

मे महिन्याच्या टळटळीत दुपारी, पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आमोद सर झाडांची गावठी नावं वहीत उतरवत होते. एकोणतीस नावं झाली आणि बाटलीतलं पाणी संपलं. वाडी दोन तास खाली, आणि सरांच्या डोळ्यांपुढे भरदुपारी काजवे. तेवढ्यात वाट दाखवायला आलेला म्हातारा येसाजी एका जुनाट ऐनाच्या झाडापाशी थांबला.

"ह्याला आमी मगर म्हनतो."

खोडाची साल खवल्याखवल्यांची होती. सरांनी तशाही अवस्थेत लिहून घेतलं, 'नावाचं कारण : साल मगरीच्या पाठीसारखी.' मग ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "पण बाबा, मगरी सगळ्या खाली सावित्री नदीत. इथे माणूस तहानेने मरेल, मगरीने नाही."

येसाजीने खोडावरच्या एका फुगवट्याला कान लावला, पाहुण्याने दार वाजवावं तसं बोटाने टकटक केलं आणि कोयत्याचा एकच घाव घातला. पाण्याची धार उडाली ती थेट वहीवर. एकोणतीस झाडं वाहून गेली. सरांना त्याचं काहीच नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून ओंजळीने ते तुरट पाणी पीत राहिले.

येसाजीने भोकात चिखलाचा गोळा दाबून बसवला.

"सालीचं काय घेऊन बसलाव, मास्तर? मगर पान्याबिगर ऱ्हाते काय कुठं?"