रन कुणाच्या नावावर

कॉलेजच्या सॉफ्टबॉल फायनलमध्ये फील्डरच्या हातून साधा चेंडू सुटला आणि सामना गेला. सगळं मैदान चेंडू टाकणाऱ्या पिचर मनस्विनीच्या नावानं खडे फोडत होतं, तेव्हा स्कोअरर श्रीनिवास एकटाच ठामपणे म्हणाला, "चूक फील्डरची आहे. हा रन पिचरच्या माथी मारता येणार नाही." या एका वाक्यावर भाळून तिनं त्याच्याशी लग्न केलं.

आता दुष्काळाचं साल होतं. पुंडलिकनगरात कितीतरी दिवसांनी टँकर आला. टाकी काठोकाठ भरून घेऊन मनस्विनी तापानं फणफणलेल्या लेकीला दवाखान्यात घेऊन गेली. इकडे श्रीनिवासरावांनी मैदानावरचे बूट मनसोक्त धुतले, नळ तसाच सोडला आणि पंख्याखाली ताणून दिली. ती परतली तेव्हा लेकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायला वाटीभर पाणी उरलं नव्हतं.

"नळ तूच उघडा टाकलास ना रे?"

"टाकला असेल," तो जांभई देत म्हणाला. "पण तू घरी असतीस तर बंद केला असतास की नाही? लक्षच नसतं तुझं घरात."

ती त्याच्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे बघत राहिली. तेवढ्यात मैदानावरून स्कोअरच्या नोंदीबद्दल त्याला फोन आला. तो ताडकन उठून बसला.

"नाही, नाही सर! चूक एकाची आणि रन पिचरच्या नावावर? असला अन्याय मी असताना होणार नाही!"