कलाबाईंच्या वायफायचं कुलूप

फोनच्या काचेवर लेकीचा चेहरा येईना. नुसतं चाक फिरत राहिलं. मग एक रिकामी चौकट आली आणि खाली इंग्रजी अक्षरं उभी राहिली. वाचता येत नसलं, तरी लेकीने सांगून ठेवलं होतं म्हणून पुष्पाबाई समजल्या. शेजारच्या कलाबाईंनी वायफायला पासवर्डचं कुलूप घातलं होतं.

संग्रामपूरच्या या नव्या प्लॉटांवर मोबाईलची रेंज नावालाच असते. दिवाळीत निशिगंधा सुरतेहून आली, तेव्हा शेजारचं वायफाय तिला उघडं दिसलं. तिने ते आईच्या फोनला जोडून दिलं. विचारलं कोणीच नाही. तेव्हापासून रोज सांजेला लेक आणि नातू प्रेम समोर दिसायचे.

आता निशिगंधाचे दिवस भरत आले होते. दुसरं बाळंतपण सासरीच होणार होतं, आणि पुष्पाबाईंच्या गुडघ्यांना सुरतेचा प्रवास झेपत नव्हता. बाळाचं तोंड दिसणार ते या काचेवरच.

विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

कलाबाई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. समाजमंदिरात मोठ्या बायांचा वर्ग घ्यायच्या. गेल्या साली त्या स्वतः बोलवायला आल्या होत्या. "या ना वो पुष्पाबाई, दोन अक्षरं शिकाले."

मोठ्या शेतीच्या मालकीणबाई असलेल्या पुष्पाबाई चारचौघींत म्हणाल्या, "माह्या गवऱ्या मसनात गेल्या. आता तुह्यापुढं पाटी घेऊन बसू का?"

त्यानंतर दोघींचं बोलणं शेवग्याच्या झाडापुरतं उरलं. झाड पुष्पाबाईंचं, फांदी भिंतीपलीकडे गेलेली. कलाबाईंनी दोन शेंगा तोडल्या, तेव्हा पुष्पाबाई कडाडल्या होत्या, "न विचारता घेतलं का चोरीच व्हय ते!"

आता तेच शब्द त्यांच्याच कानात वाजत होते.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. कलाबाई अंगणात उभ्या राहून बटनाच्या फोनवर पुण्यातल्या लेकाशी बोलत होत्या. "हाव रवी, नवं कुलूप लसून-कापूस. दारावर लिहून ठेवलं बाप्पा. मी विसरते."

पुष्पाबाईंनी मान वर केली. भिंतीवरून कलाबाईंच्या सैपाकघराचं दार समोरच दिसत होतं. त्यावर खडूने ठळक लिहिलेलं, वर मराठी, खाली इंग्रजी. त्यांनी फोन भिंतीवर टेकवला आणि खालच्या ओळीतला एकेक आकार दारावर पाहून काचेवर शोधू लागल्या. कितीदा चुकलं. सूर्य मावळतीकडे कलला तेव्हा चाक थांबलं.

"आज्जी, कुठी गेलती?" प्रेम ओरडला.

पुष्पाबाईंना हसूही आलं आणि लाजही वाटली. त्यांनी शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधून गुपचूप भिंतीवर ठेवली. सकाळी जुडी नव्हती. भरपाई झाली, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाने काही ऐकलं नाही.

काही दिवसांनी कुलूप बदललं. कलाबाईंनी रवीला मोठ्याने सांगितलं आणि दारावर अंबाडी-बोर आलं. या वेळी फारसा वेळ लागला नाही. 'ल' आणि 'क' कुठे बसतात ते बोटांना आता ठाऊक होतं.

मग कलाबाईंना संशय आला असावा. दारावर कारली-लिंबू लिहिलेलं, पण खालच्या इंग्रजी ओळीवर सूप अडकवलेलं. पुष्पाबाई वरच्या मराठी ओळीकडे पाहत, कोणत्या अक्षराखाली आधी कोणता इंग्रजी आकार होता ते आठवत बसल्या. 'का' कापसातला. 'र' बोरातला. 'ली' नवी होती, पण लसणाचा 'ल' आणि अंबाडीची शेपटी जोडली की ती झाली. कुलूप उघडलं; दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर दोन जुड्या ठेवल्या.

सुरतेत मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सकाळी फोन पुन्हा बंद. दार पुसून कोरं केलेलं.

"आता लिहून ठेवत नाई, रवी," कलाबाईंचा आवाज आला. "चोराले दिसते. काकडी-मका, ध्यानात ठेव."

'चोर' हा शब्द वर्मी लागला. पुष्पाबाई तडक कलाबाईंच्या फाटकापाशी गेल्या. आज विचारायचंच.

"काय वो?" कलाबाईंनी विचारलं.

"काई नाई. शेंगा पाह्यजे का?"

"ठेवा भितीवर. ठेवताच ना."

 पुष्पाबाई तशाच परतल्या, ओट्यावर बसल्या आणि अक्षरं दाबू लागल्या. चुकलं. काकडी, काकडी, असं तोंडाने म्हणत पुन्हा दाबलं. 'क'च्या पुढचा काना, इंग्रजीतला 'ए', राहिला होता. तो घातला.

चाक थांबलं.

पाळण्याभोवती बाया जमल्या होत्या. आत्या बाळाच्या कानाशी वाकली होती. नाव कोणालाच सांगितलेलं नव्हतं. कोणीतरी मागचा पडदा ओढला. भिंतीवर फुलांची अक्षरं होती. आत्या बोलणार तेवढ्यात पुष्पाबाई पुटपुटल्या, "अंबाडीचा अ... बोराचा बो... ली, कारलीतली..."

आणि त्या ओरडल्याच, "अबोली!"

सुरतेत सगळ्यांनी फोनकडे माना वळवल्या.

"माय, तुले कोनं सांगतलं?" निशिगंधाने विचारलं.

"सांगन कोन? लिहिलं हाय ना भितीवर!"

निशिगंधा रडायला लागली. पुष्पाबाई रडल्या नाहीत. त्या ताठ बसल्या आणि ते नाव पुन्हा वाचलं, साऱ्या प्लॉटांवर ऐकू जाईल असं.

भिंतीपलीकडे कलाबाई शेंगा मोडत होत्या. त्यांचा हात थांबला.  मग पदराला हात पुसून त्यांनी बटनाचा फोन कानाला लावला.

"रवी, ते कुलूप काढून टाक."

"काऊन? त्यापरीस वायफायच बंद करतो ना, आई. तुह्यापाशी तर हा बटनाचाच फोन हाय."

"बंद नको करू बाप्पा, पुष्पाबाई लेकीशी बोलते त्याच्यावर. कुलूप तेवढं काढ. माह्या वर्गातली शेवटची बाई आज वाचाले लागली."