पावसाआधीचं सोनं

जीपचं मागचं चाक वाळूत अर्धं गेलं होतं. यतीन पोटावर पडून हाताने वाळू उपसत होता. माश्या तोंडावरून हटत नव्हत्या.

"मेलबर्नला, डँडेनॉन्गच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो मी, मुरली. तिथे पंखा आहे, कँटीन आहे. इथे काय आहे?"

"सोनं," मुरलीधर म्हणाला आणि त्याने चाकाखाली फांद्या सारल्या.

दोघांची ओळख नवी होती. मेलबर्नच्या मराठी ग्रुपवर मुरलीधरने विचारलं होतं, क्वीन्सलँडच्या उत्तरेला सोनं शोधायला कोण येतंय? एकटा यतीन तयार झाला. केर्न्सहून भाड्याची जीप, दोन मेटल डिटेक्टर, पाण्याचे कॅन. आता शेवटचा कॅन उघडला होता आणि ढग जमू लागले होते.

वाटेतल्या शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या बाईने मुरलीधरला ओळखलं होतं. चहा देताना तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "अजून शोधतोयस, लव्ह?"

"पाऊस यायच्या आत एकदा," तो म्हणाला होता.

"फेमस आहेस इकडे," यतीन आता म्हणाला. "आधी आला होतास?"

"गेल्या वर्षी बायकोबरोबर फिरायला आलो होतो. इथेच रुतलो. मी वाळू उपसत बसलो, ती पाणी बघायला क्रीककडे, या खालच्या ओढ्याकडे गेली."

"मग? निघाली गाडी?"

"एक ट्रक आला. त्याने ओढली."

"नशीबवान आहेस लेका. आपल्याला कोण ओढणार?"

शेवटी गाडी निघाली. क्रीक कोरडा होता. मुरलीधरने बोटातली अंगठी वाळूत पुरली, वरून डिटेक्टर फिरवून तिचा आवाज ऐकला आणि अंगठी परत बोटात घातली. कामाला लागण्याआधी तो हे रोज करायचा.

यतीन वर पांढऱ्या दगडांकडे गेला. मुरलीधर खाली झाडांच्या मुळांपाशीच फिरत राहिला.

"तिथे काय आंबे लागलेत? सोनं दगडात असतं, मेट."

"तू वर बघ."

मध्येच मुरलीधर "ओ" म्हणायचा आणि मशीन थांबवून झाडीकडे बघायचा. यतीनने हाक मारलेली नसायची. पहिल्यांदा तो हसला. नंतर त्याला हसू येईना.

दुपारी यतीनला हरभऱ्याएवढा खडा सापडला. तो धावत खाली आला.

"अर्धा तुझा."

मुरलीधरने खडा उन्हात धरला आणि परत दिला. "छान आहे. ठेव तुला."

"मग चल आता. पाणी संपत आलंय. पाऊस आला तर रस्ता बंद, आपण इथेच."

"एवढं वळण बघू दे. यंदा पूर आला की उरलंसुरलं वाहून जाईल."

"जाऊ दे की. सोनंच आहे ना, माणूस नाही."

मुरलीधरने मशीन उचललं. दूर गडगडलं. तो वळणावरच्या मोठ्या झाडाखाली गेला. तिथे मागच्या पुराने वाळूचा ढीग घातला होता. मशीन बारीक आवाजात वाजलं. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा वाजलं.

यतीन फावडं घेऊन आला.

"फावडं नको," मुरलीधर म्हणाला. "हाताने."

दोघं गुडघ्यांवर बसले. वरची वाळू तापलेली होती, खालची गार लागली. आधी एक काळा मणी आला. मग तीन-चार, तारेत ओवलेले. मग दोन छोट्या वाट्या, सोन्याच्या.

"अरे, मंगळसूत्र," यतीन म्हणाला. "इथे कुणाचं?" त्याने ओढायला हात घातला.

मुरलीधरने त्याचं मनगट धरलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि बोटांनी वाट्यांच्या वरची वाळू सारू लागला, अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तसं. हनुवटीचं हाड दिसलं तेव्हा तो थांबला.

"ही चित्रलेखा," तो म्हणाला. "माझी बायको."