मुद्दाम पाडलेला चेंडू

पाच चेंडू हवेत खेळवणाऱ्याची खरी विद्या एक चेंडू मुद्दाम पाडण्यात असते. त्याशिवाय लोकांना ते अवघड वाटत नाही आणि टाळी पडत नाही. सर्कशीत चाळीस वर्षं दत्तोबांनी टाळ्या अशाच मिळवल्या होत्या.

वृद्ध कलावंतांचं मानधन मंजूर करणाऱ्या समितीपुढेही त्यांनी पाच चेंडू उडवले, ऐन रंगात एक पाडला आणि चेहरा कसनुसा केला.

समितीतल्या मॅडमनी ‘पडला’ असं लिहून घेतलं.

“मुद्दाम पाडला, मॅडम.”

“सगळे असंच म्हणतात, आजोबा. मघाचे तबलजीसुद्धा मुद्दामच चुकले होते.”

दत्तोबांनी इरेला पेटून सात चेंडू झेलले. एकही पडला नाही.

अध्यक्षांनी जांभई दिली. “हे तर सहज जमतंय की. यात कला कसली, हा खेळ झाला.”

अर्ज क्रीडा विभागाकडे गेला. तिथली वयोमर्यादा एकोणीस वर्षं आहे.